पाणी न पिणारं इंजिन

येडशीला स्टेशनकडं वळणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं एक शेड होतं. त्यावर पाटी होती: ‘इथे पाण्याच्या इंजिनाचे काम होणार नाही. विचारू नये.’ दुकानाचं नाव नाही, मोबाइल नंबर नाही, वर ‘श्री’सुद्धा नाही. नव्या माणसाला वाटायचं, हे विहिरीवरच्या मोटारीबद्दल असेल. तसं नव्हतं. ज्या गाडीला रेडिएटर आहे, जिला थंड राहायला पाणी लागतं, त्या गाडीला मिस्त्री हात लावत नसत. म्हणजे आजच्या जवळजवळ सगळ्याच गाड्यांना. पोट भरायला बसलेल्या माणसानं लावायची ही पाटी नव्हे, असं मी एकदा त्यांना म्हटलंही.

“माझं पोट लहान हाय,” ते म्हणाले, आणि घासायचा ब्रश माझ्या हातात दिला.

वाऱ्यानं थंड होणारी इंजिनं तेवढी ते करत. कुणाची जुनी परदेशी मोटार, कुणाची तीनचाकी, कुणाच्या शेतातलं डिझेल इंजिन. एकातलं काढायचं, पार सुटं करायचं, नवं केल्यासारखं जुळवायचं आणि दुसऱ्यातच बसवायचं, ही त्यांची खासियत. एका शेतकऱ्याच्या मळणीयंत्राला त्यांनी मोटारीचं इंजिन जोडलं होतं आणि मोटारीचा हॉर्नही तसाच ठेवला होता. हॉर्न कशाला, म्हणून मी विचारलं. “मळणी चालू असताना पोरं मधी येत्यात,” असं उत्तर मिळालं. नवं यंत्र घ्यायची ऐपत नाही आणि कामं तर अडलीत, अशी माणसं त्यांच्याकडं यायची. ‘वारेवाले मिस्त्री’ असं त्यांना सगळे म्हणत. पाठीमागं ‘सरकलेले मिस्त्री’ म्हणत. दोन्ही नावं त्यांना माहीत होती.

मी त्यांच्याकडं गेले ती दुसऱ्या नावाच्या भरवशावर. माझा दवाखाना भूमला. आठवड्यातले तीन दिवस मी माळावरच्या गावांना जाते, कारण तिथली म्हातारी माणसं दुखणं अंगावर काढतील पण एसटीनं भूमला येणार नाहीत. त्या फिरतीसाठी माझ्याजवळ मामांनी दिलेली गाडी होती. जर्मन बनावटीची, पाठ कासवासारखी, डिकी पुढं आणि इंजिन मागं. मामांच्या सख्ख्या मुलांनी ती आधी नाकारली होती, हे मला फार नंतर कळलं. एका उन्हाळ्यात तिचं इंजिन जाम झालं. तीन गॅरेजवाल्यांनी ती भंगारात घालायला सांगितली. आमचे हे शिक्षक आहेत, ते म्हणाले, “अंगणात राहू दे. कोंबड्या तरी बसतील.” चौथा गॅरेजवाला म्हणाला, “मॅडम, येडशीला एक जरा सरकलेला माणूस आहे.”

मिस्त्रींनी मला नमस्कार वगैरे काही केला नाही. कपाळावर विभूती, तिच्यावर ग्रीसचं एक बोट, अंगात बंडी. टेम्पोतून गाडी उतरली तशी ते थेट तिच्या मागं गेले, झाकण उघडलं आणि नाक आत घालून वास घेतला.

“पत्रे कुणी काढले हितले?”

इंजिनाभोवती पत्र्याची आवरणं असतात. मागच्या मेकॅनिकनं ती ‘हवा लागावी म्हणून’ काढून टाकली होती. मी तसं सांगितलं.

“हवा लागावी म्हणून!” मिस्त्री बाजूच्या बाकड्याला उद्देशून म्हणाले. “वाऱ्याला वाट लागती, डाक्टरबाई. वाट मोडली की वारा भाईरच्या भाईर पळतो. पत्रे काढून चालवली तुमी. मारलं त्याला.”

पेशंटच्या नातेवाइकांशी मी ज्या सुरात बोलते, तोच हा सूर. तो ऐकून घ्यायला इतकं वाईट वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यांचा नियम असा, की इंजिन उघडताना मालक हजर पाहिजे आणि सिलिंडर मालकानंच घासले पाहिजेत. मी म्हटलं, मिस्त्री, मला रविवारशिवाय सुटी नसते, कुणाला तरी पाठवते. ते म्हणाले, “बाळंतिणीला सोडून घरची माणसं जत्रंला जात्यात का?” झालं. पुढचे कितीतरी रविवार मी येडशीला एका उलट्या डब्यावर बसून रॉकेलमध्ये सिलिंडर घासले. या इंजिनाच्या सिलिंडरला भोवती पातळ पातळ चकत्या असतात. त्यांच्यामधून वारा जातो आणि इंजिन थंड राहतं. मिस्त्री त्यांना पाकळ्या म्हणत. पाकळ्यांत तीस वर्षांचा चिखल आणि तेल बसलेलं. एका सिलिंडरला एक अख्खा रविवार गेला. तो सिलिंडर त्यांनी उजेडात धरला, चारी बाजूंनी फिरवला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. “हितं बगा. हितं तुमचा कंटाळा दिसतोय.”

खरंच दिसत होता. दोन पाकळ्यांच्या मधे मी काडी फिरवलीच नव्हती.

माझं मूळ इंजिन वाचणार नव्हतं. मिस्त्रींनी त्याच कंपनीच्या व्हॅनचं जरा मोठं इंजिन कुठून तरी पैदा केलं. ते आधी जत्रेतल्या तंबू थिएटरच्या जनरेटरला होतं. “लई पिक्चर बगितलेत ह्यानं,” ते म्हणाले. दोन्हींतले चांगले भाग निवडून त्यांनी एक इंजिन उभं केलं. पत्रे नव्यानं ठोकून घेतले. मग सगळं जुळल्यावर उदबत्तीचा पुडा काढला. गावात बोलवा होती, की मिस्त्री इंजिनाची पूजा करतात. प्रत्यक्षात इंजिन सुरू करून ते पेटलेली उदबत्ती पत्र्यांच्या सांध्यासांध्यावरून फिरवत. धूर कुठं आत ओढला जातो, कुठं बाहेर फुटतो, ते बघत. जिथं धूर चुकला तिथं रबराची पट्टी. मी हे लोकांना सांगून पाहिलं, पण पूजेचीच गोष्ट सगळ्यांना जास्त आवडली.

तापमानाचा काटा त्यांना मान्य नव्हता. गाडी लांब फिरवून आणायची, ऑइलची पट्टी उपसायची आणि चिमटीत धरून आकडे मोजायचे. मोजायचे ते कानडीत. मिस्त्री मूळचे लोहारा तालुक्यातले, माकणीच्या बाजूचे. आजीनं कानडीत मोजायला शिकवलं, ते तसंच राहिलं. “ओंदु, एरडु, मूरु...” हत्तु म्हणजे दहापर्यंत पट्टी धरवली तर इंजिन निरोगी. ऐदुला, म्हणजे पाचालाच, सोडावी लागली तर गाडी सावलीत उभी करायची आणि आपण काय चूक केली ते आठवायचं. मला आजही कानडीतले दहा आकडे येतात आणि त्यापुढचा एकही येत नाही.

त्यांची आणखी एक सवय माझ्या लवकरच ध्यानात आली. ते कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. कामासाठी कुठंही गेले तरी त्यांची कापड शिवलेली बाटली बरोबर असायची. कुणी तांब्या पुढं केला की हात जोडायचे. मला वाटलं सोवळंओवळं असेल. पण चहा ते कुणाच्याही हातचा पीत, हॉटेलात कुणाच्याही शेजारी बसून भजी खात. फक्त पाणी नाही.

त्याचा उलगडा एका रविवारी झाला. भर दुपारी एक जीप शेडसमोर थांबली. बॉनेटमधून वाफा. ड्रायव्हर धावत आला, “मिस्त्री, बादलीभर पाणी द्या, रेडिएटर उकळलाय.” मिस्त्री उठले, माठातून तांब्या भरला आणि त्याला दिला. तो तांब्या घेऊन जीपकडं निघाला तशी त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“हे तुला हाय. तिला न्हाय.”

“अहो, पण गाडी...”

“तू पी. दुसरा पायजे तर दुसरा पी. मानसाला दिऊ. इंजिनाला बिलकुल न्हाय.”

ड्रायव्हरनं त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो पायीच स्टेशनाकडं पाणी शोधत गेला. मला राग आला. मी म्हटलं, मिस्त्री, हा माणूसघाणेपणा झाला. कोपऱ्यात नळ आहे तुमच्याकडं.

त्यांनी हातातला वायसर पुसला. मग म्हणाले, “म्या आधी टँकरवर हुतो, डाक्टरबाई. पाण्याच्या टँकरवर. डायवर बी मीच, मिस्त्री बी मीच.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. दुष्काळाचं साल होतं. एका माळावरच्या गावाला आठ दिवसांनी टँकर निघाला होता. चढावर रेडिएटर उकळला. गाव समोर दिसत होतं. बायका घागरी, कळशा, डबे घेऊन वाटेवरच येऊन थांबल्या होत्या. गाडीत पाण्याचा दुसरा साठा नव्हता. मिस्त्रींनी टँकरचीच तोटी सोडली, बादली भरली आणि रेडिएटरमध्ये ओतली. रेडिएटर गळका होता. दुसरी बादली. मग तिसरी.

“त्या बगत हुत्या,” मिस्त्री म्हणाले. “कुणी शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं. कुणी काय बोललं न्हाय. एका बाईनं तिची घागर पालथी घातली आन तिच्यावर बसली. म्या त्यांच्या देखत त्यांचं पाणी इंजिनाला पाजलं.”

त्या महिन्यातच त्यांनी टँकर सोडला. “त्या दिशी ठरीवलं. माझ्या हातचं इंजिन कुणाच्या घागरीत तोंड घालणार न्हाय. आन म्या बी न्हाय.” बोलणं संपवून त्यांनी वायसर त्याच्या जागी ठेवला. आजवर आपल्या एकाही इंजिनानं कुणाचं थेंबभर पाणी घेतलं नाही, एवढं मात्र ते जरा मान वर करून म्हणाले. त्या माणसाजवळ मिरवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती त्याला पुरत होती. मी नळाचा विषय पुन्हा काढला नाही.

गाडी तयार झाली. येडशीचा घाट ती खाली रामलिंगाच्या झाडीपासून वर पठारापर्यंत न कुरकुरता चढली. वर पट्टी धरून मी हत्तुपर्यंत मोजलं आणि मला चक्क रडू आलं. मिस्त्री शेजारी बसून होते. “रडायला काय झालं? चढायलाच केली हुती.” दुसऱ्या आठवड्यापासून माझी फिरती पुन्हा सुरू झाली. आमच्या ह्यांनी कोंबड्यांसाठी वेगळं खुराडं करून घेतलं.

उन्हाळा परत आला. भूमच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, तिथं मी दर बुधवारी जाते. रस्ता कसला, नुसती खडी. त्या दिवशी सगळी वाट पहिल्या गिअरमध्ये काढावी लागली. गावात पोचून पट्टी धरली, तर ऐदुच्या आतच सोडावी लागली. मी गाडी लिंबाखाली उभी केली, मागचं झाकण निवायला म्हणून उघडं ठेवलं आणि समाजमंदिरात पेशंट बघायला बसले.

कोंडाआजी माझी त्या गावातली सगळ्यात जुनी पेशंट. गुडघे गेलेले, दोन्ही पाय फेंगडे, तोंड मात्र शाबूत. तिच्या दाराशीच तो लिंब होता. दहा मिनिटांतच बाहेर मोठ्यानं चर्र झालं, पाठोपाठ टणकन आवाज आला. मी धावत गेले. गाडीच्या मागं वाफेचा ढग आणि त्यात रिकामी घागर घेऊन कोंडाआजी उभी.

“लई तापलं हुतं गं बाई,” ती म्हणाली. “हात लावला तर चटका बसला. तुला घिऊन एवढ्या उन्हाचं आलंय. बैल आला तर पाठीवर पाणी टाकतो का न्हाय आपण?”

त्या गावात त्या महिन्यात टँकर तीन दिवसांआड येत होता. ती घागर तिचं त्या दिवसाचं सगळं पाणी होतं. गुडघे गेलेल्या त्या बाईनं ती उचलून आणली होती आणि माझ्या इंजिनावर रिती केली होती. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं, की लोखंड तडकतं. एक सिलिंडर पाकळ्यांसकट वरपासून खालपर्यंत चिरला होता.

“थंड झालं आता,” एवढंच मी तिला म्हटलं. ती खूश झाली. माझ्याजवळच्या बाटलीतलं पाणी मी तिच्या तांब्यात ओतलं आणि दूधवाल्याच्या गाडीतून घरी आले.

मला गाडीपेक्षा मिस्त्रींची धास्ती होती. गाडी टेम्पोत घालून येडशीला नेली. वाटेत मी चार खोट्या गोष्टी रचल्या: दगड लागला, गाडी जास्त ताणली, असलं काहीतरी. मिस्त्रींनी सिलिंडर काढला, चिरेवरून अंगठा फिरवला.

“पाणी पडलं ह्याच्यावर.”

मग खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं. झाकण मीच उघडं ठेवलं होतं, हेही सांगितलं. आता ओरडतील, म्हणून थांबले.

“किती पाणी हुतं?”

“एक घागर.”

“प्यायचं?”

“हो.”

“टँकरचं?”

मी मान डोलावली. मिस्त्री बाकड्यावर बसले. सिलिंडर त्यांच्या दोन्ही हातांत होता. मी म्हटलं, चूक माझी आहे, आजीनं जीव लावून ओतलं. ते म्हणाले, “तेच तर.” आणि मग, “शेवटी पेलंच त्यानं.” माझ्याकडं बघून नाही, इंजिनाकडं बघून. इतकी वर्षं संभाळलेलं वाक्य त्यांना आता म्हणता येणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळं. मला स्वतःची फार लाज वाटली.

या इंजिनाचे चारही सिलिंडर वेगवेगळे असतात, एक बदलता येतो. त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला एक काढला. या वेळी मला घासायला दिला नाही, स्वतःच घासला. चार दिवसांनी फोन आला. “गाडी झाली. बुधवारी त्या गावाला जायचं. म्या बी येतो.”

बुधवारी मी येडशीला पोचले तेव्हा शेडच्या दारात पितळेची एक घागर होती. चिंचेनं घासलेली, गळ्यापर्यंत भरलेली, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं. मिस्त्री धुतलेला सदरा घालून बसले होते. कपाळावर नुसती विभूती, ग्रीस नाही. ते घागर मांडीत घेऊन पुढच्या सीटवर बसले. बाटली त्यांनी मागच्या सीटवर टाकली. मी म्हटलं, मिस्त्री, तिथं टँकर येतो, मी कॅनमध्ये पाणी नेऊ शकते, तुम्ही कशाला. ते म्हणाले, “तुमी नीट चालवा. हिंदकळतंय.”

खडीचा रस्ता लागला तेव्हा दोन्ही हातांनी त्यांनी घागरीचा गळा धरला, आणि मी आयुष्यात कधी चालवली नव्हती इतकी हळू गाडी चालवली.

कोंडाआजी दाराशीच बसली होती. मिस्त्री घागर खांद्यावर घेऊन तिच्यापुढं उभे राहिले.

“आई, तुमचं पाणी आणलंय. माझ्या इंजिनानं घेतलं हुतं.”

आजीनं डोळ्यांवर हात धरून त्यांना निरखलं. “तू कोण रं? इंजिनाचा बाप का काय?”

“व्हय.”

“आन लेकरू पाणी पेलं, तर बाप फेडाया येतो व्हय?”

मिस्त्रींनी घागर खाली ठेवली, फडकं सोडलं. आजीनं पाण्यात वाकून पाहिलं, तांब्या बुडवून भरला आणि काठी टेकत उठली. आम्हाला वाटलं, आत ठेवायला चाललीय. ती चालली होती लिंबाखाली. गाडी नुकतीच थांबलेली, मागून ऊन हवा येत होती. “दमलं आसंल गं,” ती जाता जाता मला म्हणाली.

मिस्त्री साठीच्या पुढचे. मी त्यांना घाईनं चालतानासुद्धा कधी पाहिलं नव्हतं. ते पळाले. आजीच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खाली वाकून दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

“त्याला नगं, आई,” ते म्हणाले. “मला द्या.”

आजीनं वरून धार धरली. ते पीत राहिले. तांब्या संपला तशी तिनं विचारलं, “आनखी?” त्यांनी ओंजळ तोंडाशी तशीच धरून मान हलवली, हो म्हणून. मी घागरीतून दुसरा तांब्या भरून आणला. त्यांची बाटली मागच्या सीटवर होती, काठोकाठ भरलेली.